स्टेशनाची वेस

पूर्वीं गांवाला वेस असे. दमलाभागला प्रवासी वेशीपाशीं आला, कीं तेथें त्याला पार, पाणवठा, एखादें देऊळ आणि बोलायला चार माणसें भेटत. गांव कसें आहे याची पहिली कल्पना त्याला तेथेंच येई. आगगाडी आली आणि ही वेस हलली. ती रुळांच्या कडेला, स्टेशनाच्या दारांत जाऊन बसली. आज बहुतेक शहरांची खरी वेस म्हणजे त्यांचें स्टेशन होय. परंतु या नव्या वेशींतून शहरांत शिरतांना पायीं चालणाऱ्या माणसाची जी त्रेधा उडते, ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. हातांत पेटी, कडेवर मूल आणि समोर वाहनांचा न संपणारा लोंढा! शेंदोनशें पावलांचें तें अंतर. पण तें ओलांडतांना गाडींतल्या सगळ्या प्रवासापेक्षां अधिक जीव मेटाकुटीस येतो.

ही अवस्था अटळ आहे असें आपण धरून चालतों. शहर वाढलें, मोटारी वाढल्या, त्याला कोण काय करणार, असें म्हणून आपण रिक्षाला हात करतों. या समजुतीचें खंडन तत्त्वचर्चेनें करण्यापेक्षां एका शहराच्या इतिहासानें करावें, असें मला वाटतें. तें शहर म्हणजे हॉलंड, अथवा ज्याला आतां आपण नेदरलंड म्हणतों, त्या देशांतील उत्रेख्त.

उत्रेख्त हें फार जुनें शहर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ऱ्हाइन नदीच्या कांठीं रोमन सैन्यानें येथें एक ठाणें उभारलें आणि पुढें त्या ठिकाणीं वस्ती वाढली. इ. स. ११२२ मध्यें सम्राट पांचवा हेन्री यानें या वस्तीला नगराचे अधिकार दिले. त्यानंतर नागरिकांनीं गांवाभोंवतीं तट बांधला आणि तटाबाहेर खंदक खणला. सातशें वर्षें त्या खंदकानें शहराचें रक्षण केलें. नव्या तोफांपुढें तटाचा उपयोग उरला नाहीं, तेव्हां १८३० च्या सुमारास तो पाडण्यास आरंभ झाला. पण खंदक मात्र राहूं दिला. यान डाव्हिड झोखर या उद्यानशिल्पकारानें पाण्याच्या कडेनें झाडी लावून वळणावळणाच्या वाटा आंखल्या, आणि जेथें पूर्वीं पहारेकरी उभे राहत, तेथें लोक संध्याकाळीं फिरावयास जाऊं लागले. युद्धाची वस्तु शांततेच्या कामीं आली.

१८४३ च्या डिसेंबरांत आम्स्टरडॅमहून उत्रेख्तला आगगाडी सुरू झाली. आपली मुंबई-ठाणें आगगाडी १८५३ सालची. म्हणजे ही तिच्या दहा वर्षें आधींची. जुन्या शहरांत रुळांना जागा कोठून असणार? म्हणून स्टेशन खंदकापलीकडे, पश्चिमेच्या अंगाला बांधलें गेलें. गाडींतून उतरावें, पाणी ओलांडावें आणि गांवांत शिरावें, असा क्रम पडला. खंदकाच्या या पश्चिम भागाला संत कॅथरिनच्या नांवावरून ‘कातारैनेसिंगल’ असें म्हणतात. आपली कथा या एवढ्याशा पाण्याचीच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत मोटारींची संख्या झपाट्यानें वाढली. जुन्या शहरांचे अरुंद रस्ते त्यांना पुरेनात. १९५८ सालीं फॉइश्टिंगर नांवाच्या एका जर्मन वाहतूकतज्ज्ञानें उत्रेख्तपुढें एक योजना मांडली. तिचा गाभा असा, कीं खंदक बुजवावा आणि त्या जागीं जुन्या शहराला वेढा घालणारा रुंद मोटाररस्ता करावा. आज ही कल्पना ऐकून आपल्याला नवल वाटतें. परंतु ज्यांनीं ती उचलून धरली, ते कांहीं शहराचे शत्रु नव्हते. मोटारी आल्या नाहींत तर व्यापार जाईल आणि व्यापार गेला तर शहर मरेल, अशी त्यांची प्रामाणिक भीति होती. साचलेल्या पाण्यापेक्षां वाहता रस्ता बरा, हें गणित कागदावर चुकीचें दिसत नव्हतें. भलीं माणसें चांगल्या हेतूनें शहराचें केवढें नुकसान करूं शकतात, याचें हें उदाहरण म्हणून ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुष्कळ नागरिकांनीं विरोध केला, आणि म्हणून खंदकाचा बराचसा भाग वांचला. पण स्टेशनाजवळचा भाग वांचला नाहीं. तेथलें पाणी काढून टाकण्यांत आलें आणि त्याच्या तळावर मोटारींचा रुंद खोलगट मार्ग झाला. त्याच सुमारास स्टेशन आणि जुनें शहर यांच्या मध्यें एक प्रचंड व्यापारी संकुल उभें राहिलें. त्याचें नांव ‘होग कातारैने’, म्हणजे ‘उंचावरचें कातारैने’. १९७३ सालीं त्याचें उद्घाटन झालें. नांवाप्रमाणेंच त्याची रचना होती: मोटारी खालीं जमिनीवर आणि माणसें वर, दुकानांच्या गल्ल्यांतून. जमीन वाहनांची झाली आणि चालणाऱ्याला जिना चढावा लागला. स्टेशनाचा दर्शनी भागच नाहींसा झाला. गाडींतून उतरलेला माणूस दुकानांत शिरे आणि दुकानांतून पलीकडे निघे. आपण नऊशें वर्षांच्या एका शहरांत पाऊल टाकीत आहों, हें त्याला सांगणारें कांहीं उरलें नाहीं.

आतां, हॉलंड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सायकली येतात, आणि हे लोक जन्मतःच सायकलीवर बसत असावेत अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. सायकली तेथें पूर्वींपासून होत्या. पण त्या काळांत मोटारींनीं त्यांना रस्त्याबाहेर लोटीत आणलें होतें. १९७१ या एका वर्षांत त्या लहानशा देशाच्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. एका पत्रकाराची मुलगी अशाच अपघातांत गेली. त्यानें १९७२ सालीं एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘मुलांची हत्या थांबवा’. तेंच नांव पुढें एका चळवळीनें घेतलें. आया आपल्या मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या. कित्येक गल्ल्या मोटारींना बंद करून तेथें मुलें खेळलीं. अपघाताला दैव म्हणण्याचें या लोकांनीं नाकारलें. रस्ता माणसानें आंखला आहे, तेव्हां त्यावर होणाऱ्या मृत्यूचा जाबही माणसालाच द्यावा लागेल, हें त्यांचें म्हणणें होतें.

१९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई पडली आणि सरकारनें कांहीं रविवारीं मोटारी चालविण्यास बंदी केली. मोठमोठ्या हमरस्त्यांवर लोक चालूं लागले, सायकली फिरवूं लागले. रस्ता रिकामा असतांना कसा दिसतो, हें एका सबंध पिढीनें त्या रविवारीं प्रथमच पाहिलें. त्यानंतरच्या वर्षांत सायकलींसाठीं स्वतंत्र वाटा, घरांच्या वस्तींत मोटारींच्या वेगाला लगाम आणि चौकांची नवी आंखणी, असा क्रम हळूहळू देशभर पडत गेला. हॉलंडच्या सायकली ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. ती त्या आयांच्या आग्रहाची मिळकत आहे.

स्टेशनाशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. येथें थोडें गणित करूं. माणूस चालतो ताशीं सुमारें ५ किलोमीटर; म्हणजे बारा मिनिटांत एक किलोमीटर. सायकल बेताबेतानें चालविली तरी ताशीं १५ किलोमीटर जाते. म्हणजे तेवढ्याच बारा मिनिटांत तीन किलोमीटर. अंतर तिप्पट झालें, पण क्षेत्र तिप्पट होत नाहीं. तें नऊपट होतें. ज्या स्टेशनाला सायकलीनें निर्धास्त जातां येतें, तें स्टेशन एकही नवा रूळ न टाकतां नऊपट वस्तीच्या जवळ येतें. शिवाय एका मोटारीच्या जागेंत आठदहा सायकली सहज उभ्या राहतात. हा हिशेब ज्यांना उमगला, त्यांनीं स्टेशनाबाहेरच्या रस्त्याला रेल्वेचाच एक भाग मानलें. तेथें आज आगगाडीनें जाणाऱ्या दहांपैकीं निदान चार माणसें घरून स्टेशनापर्यंत सायकलीनें येतात.

उत्रेख्तमध्यें मात्र स्टेशनाच्या दाराशींच तो मोटारमार्ग आडवा पडलेला होता. त्याचें काय करावें, यावर वर्षानुवर्षें वाद चालला. अखेर २००२ सालीं नगरपालिकेनें सरळ नागरिकांना कौल मागितला. दोन आराखडे त्यांच्यापुढें ठेवण्यांत आले, आणि लोकांनीं जो निवडला, त्यांत खंदकाचें पाणी परत आणण्याचें वचन होतें. कौल एका दिवसांत मिळाला. तो अंमलांत येण्यास अठरा वर्षें लागलीं! रस्ता उखडणें, पूल बांधणें, दुकानांच्या संकुलाखालून पाण्याला वाट करून देणें आणि हें सारें चालू असतांना देशांतील सर्वांत गजबजलेलें स्टेशन चालू ठेवणें, हें काम सोपें नव्हतें. २०१५ सालीं पहिल्या टप्प्यांत पाणी आलें. १२ सप्टेंबर २०२० रोजीं उरलेला भाग भरला आणि जुन्या शहराभोंवतींचें पाण्याचें कडें पुन्हा पुरें झालें. १९५८ च्या त्या योजनेपासून मोजलें तर बासष्ट वर्षें झालीं होतीं.

मधल्या काळांत स्टेशनाचा परिसरही पालटला. २०१६ सालीं नवें प्रशस्त दालन खुलें झालें. त्याच वर्षीं रुळांच्या वरून केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठीं एक लांब पूल झाला. त्यावर झाडेंसुद्धां लावलीं आहेत. स्टेशनापुढच्या चौकाखालीं सायकलींचा तीन मजली तळ बांधला गेला. तो २०१९ सालीं पुरा झाला, आणि त्यांत १२,५०० सायकली मावतात. सायकलीवर बसूनच आंत जावें, दिव्यांच्या खुणेनें रिकामी जागा शोधावी, सायकल अडकवावी आणि जिना चढून थेट फलाटांकडे जावें, अशी तेथील सोय आहे. पहिले चोवीस तास कांहीं आकार पडत नाहीं. परगांवाहून आलेल्यास आगगाडीच्या कार्डावरच भाड्याची सायकल मिळते. वर चौकांत मोटार नाहीं. बाहेर पडलेला प्रवासी पुन्हा जमिनीवरून चालतो, आणि थोड्याच पावलांवर त्याला पाणी दिसतें. या पुनर्रचनेला २०२२ सालीं सार्वजनिक जागांसाठीं दिलें जाणारें युरोपीय पारितोषिक मिळालें.

सर्व कांहीं आलबेल झालें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. तें दुकानांचें संकुल आजही तेथेंच आहे. खर्च अतोनात झाला. धूळ आणि अडसर यांत नागरिकांचीं कित्येक वर्षें गेलीं. आणि शहरांत जाणाऱ्या मुख्य वाटेवर सायकलींचीच इतकी दाटी होते, कीं पायीं चालणाऱ्याला रस्ता ओलांडण्यास थांबावें लागतें. एक चूक करण्यास दहापंधरा वर्षें पुरलीं. ती निस्तरण्यास जवळजवळ दोन पिढ्या लागल्या. पण निस्तरतां आली, हें महत्त्वाचें.

“तो देश श्रीमंत आहे, सपाट आहे, थंड आहे, आपलें तसें नाहीं,” असा आक्षेप येईल. आक्षेप खोटा नाहीं. परंतु १९७१ सालींही तो देश तितकाच सपाट होता, तितकाच थंड होता आणि गरीब तर नव्हताच. तरीही त्या वर्षीं चारशें मुलें दगावलीं. तेव्हां फरक पडला तो भूगोलानें नव्हे, निश्चयानें.

आपल्या पुण्याचेंच पाहा. १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यास आगगाडी आली. तेथेंही स्टेशन जुन्या पेठांच्या बाहेरच झालें. पुढें या शहराला लोक कौतुकानें सायकलींचें शहर म्हणत. विद्यार्थी, कारकून, शिक्षक, कामगार, सारे सायकलीवर. तें पुणें आज आठवणींत उरलें आहे. तेथें कोणीं खंदक बुजविला नाहीं. तसा एखादा ठरावही झाला नाहीं. आपल्या बहुतेक शहरांत फूटपाथ वीतवीत अरुंद होत गेला. कोठें रस्ता रुंद केला, कोठें गाड्या लागल्या, कोठें खांब आला, आणि सायकलस्वार एक एक करून रस्ता सोडून गेला. उत्रेख्तच्या लोकांना आपल्या चुकीचा आराखडा तरी दाखवितां येत होता. आपली चूक कोणत्याही कागदावर नाहीं. म्हणून ती चूक आहे हेंच आपल्याला दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं तें सुधारण्याचा कौल कोण मागणार?

म्हणून, श्रोतेहो, पुढल्या वेळीं आपण स्टेशनाबाहेर पडाल, तेव्हां क्षणभर थांबा. एखादी म्हातारी काठी टेकीत रस्ता कसा ओलांडते, दप्तर पाठीवर घेतलेलें पोर कोणत्या बाजूनें जातें, सायकल घेऊन आलेला मनुष्य ती कोठें ठेवतो, हें पाहा. आणि मग स्वतःला एवढेंच विचारा, कीं ही वाट अशी असावी असें कोणीं ठरविलें, आणि तें ठरवितांना आपल्याला कोणीं विचारलें होतें काय? उत्रेख्तला पाणी परत आलें तें याच प्रश्नापासून.