२० बाइट्सची किल्ली

नव्वदच्या दशकात शाळा बुडवून व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पडीक असलेल्या कुणालाही 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'बद्दल विचारून बघा. बहुतेक जण कोरा चेहरा करतील. 'मुस्तफा' म्हणा, की लगेच गोष्टी सुरू होतील. पिवळ्या टोपीतला, धावत येऊन लाथ हाणणारा मुस्तफा भारतात इतका गाजला की गेमचं खरं नाव लोक विसरूनच गेले. हा गेम १९९३चा, जपानच्या कॅपकॉम कंपनीचा. त्याच्या अस्सल बोर्डावर एक छोटी बॅटरी होती. आपल्याकडच्या अनेक पार्लरमध्ये मात्र नकली बोर्ड चालत, आणि नकली बोर्डांना तसल्या बॅटरीची गरजच नव्हती.

ही बॅटरी कशासाठी होती, हे समजून घ्यायचं तर कॅपकॉमचं दुखणं आधी बघावं लागेल. १९९१मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि जगभरच्या पार्लरमध्ये रांगा लागल्या. पाठोपाठ नकलाही आल्या. गेम साठवलेल्या रॉम चिप्स वाचायच्या, तसाच मजकूर नव्या चिप्सवर चढवायचा, स्वस्तातला बोर्ड जोडायचा आणि विकायचा. काहींनी तर मूळ गेममध्ये बदलही केले. 'रेनबो' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नकलेत हवेत उडी मारून आगीचे गोळे फेकता येत, लढाई चालू असताना खेळाडू बदलता येई. धमाल प्रकार होता. गंमत म्हणजे, कॅपकॉमने १९९२च्या अखेरीस काढलेल्या जास्त वेगवान 'हायपर फायटिंग' आवृत्तीमागे या नकलांची लोकप्रियता हे एक कारण होतं, असं तिथे काम केलेल्यांनीच पुढे सांगितलं आहे.

तरी पैसा बुडत होता तो बुडतच होता. म्हणून १९९३मध्ये 'सुपर स्ट्रीट फायटर टू'सोबत कंपनीने नवी यंत्रणा बाजारात आणली, 'सीपी सिस्टिम टू', म्हणजेच सीपीएस-२. तिचे दोन भाग होते. 'ए' बोर्ड सगळ्या गेम्सना सामाईक, 'बी' बोर्डावर प्रत्यक्ष गेम. कुलूप होतं ते या 'बी' बोर्डावर.

ते कुलूप खरोखर हुशारीचं होतं. प्रोसेसर मोटोरोलाच्या ६८००० जातीचा, पण कॅपकॉमने स्वतःसाठी घडवून घेतलेला. रॉममधल्या सूचना गुप्त लिपीत असायच्या आणि प्रोसेसर त्या वाचतानाच आतल्या आत उलगडायचा. उलगडण्याची किल्ली त्याच चिपमधल्या रॅममध्ये होती, आणि रॅमचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे: वीज गेली की ती सगळं विसरते. ती विसरू नये म्हणून शेजारी ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी. म्हणजे कुणी चिप सोलून किल्ली काढायला गेला, वीज तुटली, की किल्ली नाहीशी. चोराच्या हाती रिकामी चिप.

पण बॅटरीला चोर आणि मालक यांतला फरक कळत नाही. ती कधीतरी संपणारच. काही काही वर्षांत संपल्या, काही पंधरा-वीस वर्षं टिकल्या. संपल्या, की पैसे मोजून घेतलेला अस्सल बोर्ड कायमचा गप्प. अशा बॅटरीला दुरुस्तीवाल्यांनी 'सुसाइड बॅटरी' हे नाव दिलं आणि तेच रूढ झालं. कॅपकॉम एकटी नव्हती. सेगाच्या काही बोर्डांवरच्या एफडी१०९४ या चिपमध्येही किल्ली बॅटरीवरच जगत होती.

आर्केड बोर्ड दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा आजार विचित्र आहे. एरवी बिघाडाला लक्षणं असतात. गेम मध्येच रीसेट होतोय? आधी मल्टिमीटर लावून बोर्डापाशी ५ व्होल्ट पुरते पोचतायत का ते बघायचं. चित्रावर आडव्याउभ्या रेघा? कनेक्टर मळला असेल, एखादी रॅम गेली असेल, चिपच्या पायाचा टाका सुटला असेल. जामा नावाच्या ५६ टोकांच्या कनेक्टरची सोनेरी पट्टी खोडरबराने घासून अर्धे बोर्ड सुरू होतात, हे या धंद्यातलं उघड गुपित. सीपीएस-२ची किल्ली गेली असेल तर मात्र पडद्यावर फक्त एकच रंग. कधी निळा, कधी हिरवा. ना चित्र, ना आवाज, ना एरर. दोन बोर्डांमधला जोड सैल असला तरीही पडदा असाच दिसू शकतो, म्हणून आधी तो उपसून पुन्हा बसवायचा आणि मग बॅटरीचे व्होल्ट मोजायचे. ते अजून पुरेसे असतील तर बॅटरी बदलता येते, कारण जवळचा कपॅसिटर थोडा वेळ रॅमला तग धरायला लावतो. तेवढ्यात जुनी काढून नवी टाकायची. सोल्डरिंग आयर्न हातात धरून इतकं घाबरण्याची वेळ दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीत येत नसावी.

व्होल्ट शून्य निघाले, तर त्या काळी आशा एकच होती: बोर्ड कंपनीकडे पाठवायचा.

आता या गोष्टीत कुलूपतोडे येतात. सीपीएस-२ शॉक नावाच्या गटाने २००१मध्ये पहिल्यांदा भिंत फोडली. कुलूप कसं चालतं हे त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांनी काय केलं, तर जिवंत बोर्डाच्या प्रोसेसरलाच उलगडलेल्या सूचना ओकायला लावल्या. प्रत्येक गेमसाठी हे वेगळं करायचं, आणि त्यासाठी त्या गेमचा एकतरी जिवंत बोर्ड हवा. म्हणजे शर्यत थेट बॅटऱ्यांशीच होती. यातून मेलेल्या बोर्डांसाठी 'फिनिक्स' नावाचे संच निघाले. मूळ रॉम उपटायच्या, उलगडलेला प्रोग्रॅम भरलेल्या नव्या बसवायच्या. बोर्ड उठून बसायचा, पण तो आता पूर्वीचा राहिलेला नसायचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००१मध्ये सीपीएस-२ म्युझियममधली वस्तू नव्हती. कॅपकॉम तिच्यावरचे गेम अजून काढत होती, शेवटचा २००३मध्ये आला. त्यामुळे कुलूप फुटल्याचा फायदा जसा दुरुस्तीवाल्यांना झाला, तसा घरी कॉम्प्युटरवर फुकट खेळणाऱ्यांनाही झाला. कंपनी चिडली असेल तर त्यात नवल नाही. पण माझं मत विचाराल तर, विकलेल्या वस्तूच्या पोटात मरणाची तारीख ठेवायची आणि घेणाऱ्याला ती टाळण्याचा मार्ग द्यायचा नाही, ही अरेरावीच.

पुढचं पाऊल २००७च्या सुरुवातीला पडलं. आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया या दोघांनी कुलपाचं गणितच सोडवलं. साल्मोरिया म्हणजे १९९७मध्ये 'मेम' हा आर्केड एम्युलेटर सुरू करणारा इटालियन. त्यांना आढळलं ते असं: गुप्त लिपी फक्त सूचनांना आहे, डेटाला नाही. आणि एकच सूचना रॉममध्ये दोन जागी असेल तर ती दोन वेगळ्या रूपांत दिसते, कारण उलगडताना तिचा पत्ताही हिशेबात घेतला जातो. एकाच माणसाने घर बदललं की नावही बदलावं, तसं. हे सगळं चार-चार फेऱ्यांच्या दोन फाइस्टेल जाळ्यांमधून होतं. बँकांनी कित्येक वर्षं वापरलेली डीईएस ही पद्धतही याच घराण्यातली. किल्ली ६४ बिट्सची. सगळी जुळवाजुळव धरून प्रत्येक गेमसाठी चिपमध्ये भरायचा मजकूर जेमतेम २० बाइट्स. तुमच्या फोनवर 'मुस्तफा' हा शब्द टाइप केलात तर तो २१ बाइट्स घेतो. म्हणजे एका नावाहून कमी मजकूर पुसला गेला, म्हणून अख्खा गेम बंद पडत होता. चित्रं, आवाज, सगळा प्रोग्रॅम रॉममध्ये जागच्या जागी शाबूत असायचा.

किल्ल्या कळल्या, पण मेलेल्या चिपमध्ये त्या परत घालायच्या कशा? कारखान्यात त्या कुठल्यातरी वाटेने भरल्या गेल्या होत्या, म्हणजे वाट होतीच. ती २०१६मध्ये एदुआर्दो क्रुझ, आर्तेमियो उर्बिना आणि इयन कोर्ट यांनी शोधून जाहीर केली. 'बी' बोर्डावरच्या एका कनेक्टरला काही तारा जोडायच्या, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये असतो तसा साधा आर्डुइनो लावायचा, आणि किल्लीचे बिट एकामागून एक आत ढकलायचे. रॉमला हात नाही, चिप उपटणं नाही. वर्षानुवर्षं एकरंगी पडदा दाखवणारा बोर्ड स्वतःच्या मूळ रॉमसकट सुरू होतो. फिनिक्स केलेल्या बोर्डांनाही मूळ रॉम परत बसवून अस्सल करता येऊ लागलं.

आज कॅपकॉम यातले बरेच गेम नव्या संचांमध्ये पुन्हा विकते. 'डार्कस्टॉकर्स' २०२२च्या फायटिंग कलेक्शनमध्ये फोनपेक्षा मोठ्या पडद्यावर आरामात खेळता येतो. १९९४चा बोर्ड ज्याच्या माळ्यावर पडलाय त्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याला आर्डुइनोच लागतो.

मुस्तफाच्या नकली बोर्डांचं काय? बॅटरी नसल्याने त्यांना हा आजार कधी झालाच नाही. पण अस्सल बोर्डाचा घुमणारा क्यूसाउंड आवाज काही नकलांना जमला नव्हता, तिथे स्वस्त चिप टाकून फाटक्या आवाजावर भागवलं होतं. आपल्यातल्या कित्येकांच्या कानात बसलेला मुस्तफा हा कदाचित तो फाटक्या आवाजातलाच असेल.

दुरुस्तीवाल्यांत आता नवा वाद आहे. किल्ली परत भरल्यावर नवी बॅटरी बसवायची की नाही? काही जण बसवतात. बोर्ड कारखान्यातून निघाला तसाच दिसला पाहिजे, म्हणतात. पण जुन्या बॅटऱ्या नुसत्या संपत नाहीत, गळतातही, आणि तो द्रव तांब्याच्या रेघा खातो. म्हणून दुसरे बॅटरी काढूनच टाकतात आणि तिथे एक चिमुकला बोर्ड जोडतात. मशीन चालू केलं की तो दर वेळी ते २० बाइट्स चिपला नव्याने सांगतो, आणि मग गेम सुरू होतो.