सांकेतिक लिपीचे कुलूप आणि किल्ली

सातारा जिल्ह्यातील फलटण हे महानुभाव पंथीयांचे मोठे तीर्थस्थान. पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचे हे जन्मगाव अशी पंथाची श्रद्धा आहे. याच पंथाने मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना एक विलक्षण कोडे घातले. पंथाच्या पोथ्या मराठीतच होत्या, अक्षरे देवनागरीसारखी दिसत होती, पण वाचू गेल्यास एकही शब्द लागत नसे.

पंथाने आपल्या ग्रंथांसाठी अनेक सांकेतिक लिप्या योजल्या होत्या. त्यांत सकळ आणि सुंदरी या विशेष प्रसिद्ध. ‘सह्याद्रिवर्णन’कर्ते रवळोबास हे सकळ लिपीचे जनक मानले जातात. तिचे मूळ तत्त्व साधे आहे: एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण लिहावयाचा. कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची जी कला येते, तिच्याच कुळातली ही युक्ती.

असे लेखन उलगडावे कसे? नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-किंदीने याचे उत्तर लिहून ठेवले. वर्णाचा वेष बदलला तरी त्याची वारंवारता बदलत नाही. भाषेत जो वर्ण सर्वांत अधिक येतो, त्याचा प्रतिनिधीही गूढ मजकुरात सर्वांत अधिक येणार. मराठीत तर आणखी सोय आहे. शब्दांच्या शेवटी विभक्तिप्रत्यय पुनःपुन्हा येतात. व्यंजने बदलून मात्रा तशाच ठेवल्या, तर शब्दाचा सांगाडाही उघडा राहतो.

समजा, स्वतःपुरती एक लिपी आपण कल्पिली आणि तीत ‘मोपाकी’, ‘पांमधी’, ‘पाडाना’ असे तीन शब्द आढळले. मजकूर महानुभावीय आहे एवढे ठाऊक असेल, तर वारंवार येणारा ‘मोपाकी’ हा शब्द ‘गोसावी’ असावा असा तर्क करता येतो; ओ, आ, ई या मात्रा त्याला दुजोरा देतात. म्हणजे म हा ग, प हा स आणि क हा व. आता ‘पांमधी’मध्ये ‘सांग’ इतके उघड झाले. उरलेल्या ईकारान्त अक्षरासाठी ‘सांगली’ सुचते. ‘पाडाना’चा पहिला वर्ण स, आणि तिन्ही अक्षरे आकारान्त, संदर्भ गावांचा असेल तर ‘सातारा’ दूर नाही. एक शब्द फुटला की तो पुढच्या शब्दाची किल्ली हाती देतो. तर्क चुकीचा असेल, तर तिसऱ्या-चौथ्या शब्दाशी तो आपोआप अडखळतो.

इतके कच्चे कुलूप शतकानुशतके कसे टिकले? मला वाटते, ते लिपीने टिकवले नाही. ते टिकले पंथीयांच्या निष्ठेमुळे आणि बाहेरच्यांच्या अनास्थेमुळे. पोथी परक्याच्या हाती जात नव्हती, आणि गेली तरी ती वाचण्याची निकड कोणास होती? ती निकड इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाटली. साताऱ्याच्या वाई येथे सापडलेल्या कागदपत्रांतून 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध करणारा हा संशोधक, सकळ लिपीचा उलगडा त्यांनी केला. वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या 1919 च्या आवृत्तीने हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे मांडले. पुढे पंथातील काही महंतांनीही अभ्यासकांस पोथ्या दाखविल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ असे आपल्या हाती आले आणि मराठी गद्याचा आरंभ नव्याने सांगावा लागला. तोवर लिहिलेला आपल्या वाङ्मयाचा इतिहास एका मोठ्या दालनाचे दार बंद ठेवूनच लिहिलेला होता.

या कथेचा उत्तरार्ध मात्र उलटा आहे. सातारा-सांगलीकडील दप्तरे मोडीत आहेत. मिरजेस शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या अशाच कागदांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. मोडी ही गुप्त लिपी कधीच नव्हती. कारकून, कुळकर्णी, सावकार रोज तीच लिहीत. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली, आणि आज आजोबांच्या हातचे खरेदीखत नातवापुढे धरले तर तो त्याकडे सकळ लिपीच्या पोथीकडे पाहावे तसा पाहतो. इथे ना वर्णांची अदलाबदल आहे, ना कोणी किल्ली लपविलेली. मोडी शिकविणारे वर्ग आहेत, पुस्तके आहेत.

जे मुद्दाम झाकले होते ते आपण परिश्रमाने उघडले. जे उघडे होते ते विस्मरणाने झाकले. पहिल्या कुलपासाठी अल्‌-किंदीची रीत कामी येते. दुसऱ्यासाठी काही महिन्यांचा सराव पुरेसा आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने तो करू नये असे एकही कारण मला दिसत नाही.