पब क्रॉल : मुंबईची उपनगरे

एका रात्रीत एकामागून एक अशी तीन-चार मद्यालये गटाने, शक्यतो पायी, पालथी घालण्याचा प्रकार. वाटाड्या, ठरलेला मार्ग आणि आगाऊ भरलेले पैसे एवढे जमले की त्याचा पर्यटन-व्यवसाय होतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या माणसाची त्याच्याशी पहिली गाठ बहुधा परदेशातच पडते. त्याच्या स्वतःच्या स्टेशनाबाहेर बार कमी नसतात, पण एका बारमधून उठून दुसऱ्यात जाण्याचा तिथे रिवाज नाही. असे का, याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा कायद्यात आणि शेवटच्या गाडीत जास्त सापडते.

परदेशातील रीत : इंग्लंडमध्ये हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ आहे. तिथे ती मुळात मित्रांची आणि विद्यार्थ्यांची हौस. लीड्स शहरात हेडिंग्ली भागातून मध्यवस्तीकडे येणारी ‘ऑटली रन’ ही फेरी चित्रविचित्र वेष करून केली जाते, तिला वाटाड्या लागत नाही. तिकीट काढून करायची फेरी मात्र स्वस्त विमानसेवा आणि बॅकपॅकर हॉस्टेल यांच्याबरोबर वाढली. प्राग, क्राकूव्ह, बुडापेस्ट ही तिची मोठी ठाणी. बिअर स्वस्त, जुन्या वस्तीतले बार एकमेकांना खेटून आणि रस्ते चालण्याजोगे, हे तिन्ही तिथे एकत्र मिळाले.

रात्री आठ-नऊच्या सुमारास हॉस्टेलच्या तळमजल्यावर किंवा एखाद्या चौकात मंडळी जमतात. नाव नोंदवले की मनगटावर कागदी पट्टा चिकटवला जातो; तो दाखवला की पुढच्या प्रत्येक दारावर वेगळे प्रवेशशुल्क पडत नाही. पहिला तास बिअर किंवा हलक्या प्रतीचे शॉट हवे तितके. अनोळखी लोकांची जीभ सैल व्हावी म्हणून त्यातच पत्त्यांचे, पेल्यांचे खेळ. मग साधारण दर तासाला उठायचे. वाटाड्या बऱ्याचदा त्या शहराचा नसतोच. काही महिन्यांपूर्वी स्वतः पर्यटक म्हणून आलेला आणि तिथेच रमलेला तरुण असतो. बारची माहिती सांगण्यापेक्षा माणसे मोजणे, मागे राहिलेल्याला हाका मारणे आणि शेजारपाजारचे लोक खिडक्या उघडून ओरडू लागले की गटाला गप्प करणे, यातच त्याची रात्र जाते. शेवट नाइट क्लबात होतो. तिथे त्याची जबाबदारी संपते. मुक्कामावर परत जायचे ते ज्याचे त्याने.

हिशेबही साधा आहे. मंगळवारी रात्री नऊ वाजता रिकामा असलेल्या बारमध्ये कोणी तीस-चाळीस माणसे एकदम आणून दिली, तर मालक पेयांवर सूट आणि वाटाड्याला कमिशन आनंदाने देतो. त्यामुळे मार्गावरची ठिकाणे शहरातली उत्तम ठिकाणे असतील, असे धरून चालू नये. ती कमिशन देणारी ठिकाणे असतात. चव कळणाऱ्याने या फेरीच्या वाटेला जाऊ नये. एकटा प्रवास करणाऱ्याला मात्र इथे एका रात्रीपुरती सोबत विकत मिळते, आणि तेवढ्यापुरता हा सौदा प्रामाणिक आहे.

मराठी प्रवासी : वाटाड्यामागून गटाने हिंडणे मराठी माणसाला नवे नाही. केसरी पाटील यांची ‘केसरी’ ही सहल-कंपनी १९८४ पासूनची, वीणा पाटील यांची ‘वीणा वर्ल्ड’ २०१३ पासूनची. युरोप पाहिलेली उपनगरी मराठी कुटुंबे बहुतांशी अशाच सहलींतून गेली. तिथेही टूर मॅनेजर बसच्या दारात उभा राहून माणसे मोजतोच. पण ती सहल आठ वाजता भारतीय जेवणाशी संपते आणि सकाळी लवकर सुरू होते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या गुजराती आणि जैन मंडळींच्या सहलींत तर सोबत स्वयंपाकी ‘महाराज’ असतो आणि त्याच्या डाळभातासाठी सगळे वेळेवर परततात. पब क्रॉलला जाणारा उपनगरी प्रवासी या गटातून फुटलेला किंवा मुळातच या गटात न आलेला असतो : परदेशी शिकणारा विद्यार्थी, कंपनीच्या कामाला गेलेला आणि शनिवार-रविवारी मोकळा असलेला अभियंता, लग्नाआधी मित्रांना घेऊन थायलंडला निघालेला नवरदेव. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांसाठी व्हिसाची अट काढल्यावर शेवटच्या वर्गाची वाट आणखी सोपी झाली.

वयाचा मुद्दा इथे येतोच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५ वर्षे ही मर्यादा आहे. चेक प्रजासत्ताकात आणि हंगेरीत ती १८, थायलंडमध्ये २०. म्हणजे मुलुंडचा एकोणीस वर्षांचा मुलगा घरी कायद्याने बिअरलाही हात लावू शकत नाही, पण बुडापेस्टमध्ये त्याच्या हाती कोणी व्हिस्की दिली तर ते बेकायदा नाही. घरी कधीच न प्यालेला मुलगा पहिला पेला पहिल्याच तासाच्या ‘हवे तितके’ मध्ये घेतो, आणि वाटाड्याला सर्वांत जास्त त्रास अशांचाच होतो.

कायदा आणि परमिट रूम : मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने केला. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः पारशी हृदयरोगतज्ज्ञ, आणि मद्याच्या व्यापारात पारशांचा वाटा मोठा, त्यामुळे घरचाच विरोध त्यांना सोसावा लागला. खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तो प्रयोग विरला. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात त्यातली औषधे व प्रसाधने यांबाबतची काही कलमे रद्द केली, बाकीचा कायदा उभा राहिला.   बंदी आली तशा खाडीकाठच्या खारफुटीत हातभट्ट्या लागल्या, ख्रिस्ती वस्त्यांत ‘आंटी’चे अड्डे निघाले. घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकडी, एका ताटलीत उकडलेली अंडी, आणि दारावर पोलिसांची चाहूल घेणारे एखादे पोर. तिथे हळू आवाजात बसायचे, एका जागी बसायचे, आणि उठलात तर थेट घरी.

साठ आणि सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली, पण कायदा रद्द झाला नाही. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालू आहे, आणि ज्या राज्यात बिअर बार गल्लोगल्ली आहेत तिथे कागदोपत्री पिणे हा परवान्याने मिळालेला अपवाद आहे. पिणाऱ्याला व्यक्तिगत परवाना लागतो : विदेशी मद्याचा एक दिवसाचा ५ रुपयांना, देशीचा २ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना, आजन्म १,००० रुपयांना. असा परवानाधारक जिथे बसून पिऊ शकतो ती ‘परमिट रूम’. व्यवहारात तो कागद ग्राहकाच्या नजरेला क्वचितच पडतो.

उपनगरी परमिट रूमची मांडणी मात्र पाहण्यासारखी असते. चालवणारे बरेचसे उडुपी-मंगळुरूकडचे शेट्टी. खाली पंखे, वर एसी. तीच बाटली जिना चढली की महाग होते. खाली दिवे लख्ख, स्टीलचे ग्लास, भिंतीवर देवाची तसबीर आणि तिच्याखाली गल्ला. वर दिवे इतके मंद की मेनूकार्ड मोबाइलच्या उजेडात वाचावे लागते. ‘क्वार्टर’ म्हणजे १८० मिलिलिटर, ‘लार्ज’ म्हणजे ६०. सोबत चखणा : उकडलेले चणे, शेंगदाणे, मिठाचे पाणी सुटलेली काकडी, पैसे देऊन मसाला पापड. वेटर न विचारता पाणी-सोडा आणतो, कारण टेबल ठरलेले, गिऱ्हाईक ठरलेले आणि बहुधा ब्रँडही ठरलेला. ऑफिस सुटल्यावर स्टेशनात शिरण्याआधीचा तास-दीड तास इथे जातो. आपला वेटर, आपला कोपरा आणि अडीनडीला चालणारी उधारी सोडून पलीकडच्या बारमध्ये जाण्याचे कारणच नसते. ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असली तरी या खोल्यांत स्त्रिया कमी येत; त्यांना संध्याकाळी सहज बसता येईल अशी ठिकाणे उपनगरांत पब आणि मायक्रोब्रुअरी आल्यावर वाढली. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या ‘डूलाली’ या मायक्रोब्रुअरीने २०१५ मध्ये अंधेरीत टॅपरूम काढली, त्याच सुमारास वीरा देसाई रोड, न्यू लिंक रोड, ओशिवरा या पट्ट्यात अशी ठिकाणे फोफावली.

उपनगरांत फेरी का रुजत नाही : अंधेरी पश्चिमेचा हा पट्टा सोडला तर उपनगरांतले बार चौकात एकवटलेले नाहीत. ते स्टेशनांच्या तोंडाशी, लाल बहादूर शास्त्री मार्गावर आणि द्रुतगती महामार्गांच्या कडेने लांबलचक ओळीत पसरले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून यांतल्या अनेक बारना टाळे लागले, तेव्हा ही ओळ किती लांब आहे ते सगळ्यांना दिसले. महापालिका हद्दीबाबतचा खुलासा त्याच वर्षी जुलैत झाला आणि मग ते बार हळूहळू उघडले. बार रात्री दीडला बंद. जानेवारी २०२० च्या ‘मुंबई २४ तास’ धोरणातही मद्याची वेळ वाढली नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ पासून धावते आणि बारा स्थानकांत पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडते. कागदावर हा उत्तम मार्ग, पण शेवटची गाडी बारपेक्षा लवकर सुटते. गाडी स्वतः चालवायची म्हटले तर मुंबई पोलिसांची नाकाबंदी आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय झिंगून रस्त्यावर गोंधळ घालणे हा दारूबंदी कायद्याखालीच गुन्हा आहे. परदेशी फेरीचा अर्धा आनंद दोन बारांमधल्या रस्त्यावर असतो. आपल्याकडे नेमका तोच तुकडा पोलिसांच्या ताब्यात आहे.

वांद्रे-खार आणि अंधेरीत हौशी गटांनी अशा फेऱ्या अधूनमधून काढल्या आहेत. गोव्यात हणजूण-वागातोरच्या हॉस्टेलांत त्या नित्याच्या. उपनगरांची स्वतःची सामुदायिक रात्र वेगळीच आहे. श्रावण लागण्याआधीची आषाढ अमावास्या, म्हणजे लोकांची ‘गटारी’. त्या आठवड्यात कोंबडीच्या दुकानाइतकीच रांग वाइन शॉपपुढे लागते, पण पिणे होते ते गच्चीवर, मित्राच्या घरी, नाहीतर कर्जत-नेरळकडच्या फार्महाउसवर. ३१ डिसेंबरला सरकार बारना पहाटे पाचपर्यंत मुभा देते. त्या रात्रीही लोक एका ठिकाणचे पास काढतात आणि तिथेच पहाट करतात.

धोके : जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावी सहा परदेशी पर्यटक दगावले. मालवणीचे बळी झोपडपट्टीतले मजूर, वांग व्हिएंगचे बहुतेक बॅकपॅकर तरुण. विष एकच, मिथेनॉल. रंग-वास साध्या दारूसारखाच, त्यामुळे पेल्यात ओळखता येत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसतात, तोवर माणूस त्याला साधा हँगओव्हर समजून झोपून राहतो. दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले तर थेट रुग्णालय गाठावे. फुकट वाटले जाणारे, डोळ्यांदेखत सीलबंद बाटलीतून न ओतलेले शॉट घेऊ नयेत. बिअरमध्ये हा धोका फार कमी. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसी नशेत झालेली इजा भरून देत नाहीत, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि वाचले जात नाही.

निर्बंध : या फेऱ्यांनी ज्या शहरांना कमाई दिली तीच आता त्यांना कंटाळली आहेत. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०२० च्या जानेवारीत मागालुफसारख्या ठिकाणी पब क्रॉलवर आणि ‘हॅपी अवर’वर बंदी घातली. अ‍ॅमस्टरडॅमने त्याच वर्षी रेड लाइट भागातल्या मार्गदर्शित फेऱ्या थांबवल्या. क्राकूव्हने २०२३ पासून दुकानांतली मध्यरात्रीनंतरची मद्यविक्री बंद केली. २०२४ मध्ये प्रागने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वाटाड्यासह निघणाऱ्या पब क्रॉलला मनाई केली. तिथे बारमध्ये स्वतः जाऊन बसायला आडकाठी नाही. पण रात्री दहानंतरच्या फेरीचे तिकीट कोणी गळ्यात मारू लागला, तर तो नियम मोडतो आहे हे ओळखून पैसे देऊ नयेत.