जयभीम कामठीच्या छावणीतून आला



यवतमाळात, वणीत, दिग्रसच्या बसस्टँडवर आपण एकमेकांना जयभीम घालतो. तोंडातून आपोआप निघतो. पण हा शब्द पहिल्यांदा रुजवला कोणी, असं विचारलं की बरीच पोरं गप्प बसतात. मीही बसायचो.

शाळेत आपल्याला बापूजी अणे शिकवले. माधव श्रीहरी अणे, १८८० साली वणीला जन्मले, यवतमाळला वकिली केली, १० जुलै १९३० ला पुसदकडे राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. खरी गोष्ट आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण पुढच्याच महिन्यात, ८ ऑगस्टला, नागपुरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या दलितांची परिषद भरली. तो धडा आमच्या पुस्तकात नव्हता. त्या परिषदेसाठी राबणाऱ्या माणसाचं नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. लोक म्हणायचे बाबू हरदास एल. एन. त्यांचं गाव कामठी.

आधी कामठी काय ते समजून घ्या. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं आणि १८२१ साली नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली. मद्रासकडच्या पलटणी आणून ठेवल्या. एका बाजूला साहेबांचे बंगले, दुसऱ्या बाजूला बाजार, आणि बाजाराच्या कडेला कष्टकऱ्यांच्या वस्त्या. इंग्रज काही आपला उद्धार करायला आला नव्हता. त्याला हमाल पाहिजे होते, झाडणारे पाहिजे होते. गरज सरली तेव्हा, १८९० नंतर, त्याच सरकारनं महारांची फौजेतली भरती बंद केली. तरी पाटलाच्या आणि बलुत्याच्या दाव्यातून सुटून रोख मजुरीवर जगायला थोडी फट पडली. त्या फटीतून आपले लोक शिकले.

६ जानेवारी १९०४ ला हरदास जन्मले. बाप रेल्वेत कारकून. पोरगा नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. सतराव्या वर्षी, १९२१ साली, त्यानं 'महारठ्ठा' नावाचं साप्ताहिक काढलं. सतराव्या वर्षी आपण काय करत होतो, हे ज्यानं त्यानं आठवावं! पुढे कामठीत रात्रशाळा काढल्या, पोरांसाठी आणि पोरींसाठीही. चोखामेळ्याच्या नावानं वाचनालय उघडलं. महारांतल्या पोटजाती एकमेकांच्या पंक्तीला बसत नव्हत्या. त्यांना एका पंगतीत बसवलं. घरातली भिंत आधी पाडली, मग बाहेरच्या भिंतीला हात घातला.

कामठी म्हणजे बिडीचं गाव. तेंदूची पानं आपल्या जंगलातही तोडतात, आपल्याला वेगळं सांगायला नको. दिवसभर बिडी वळायची, आणि मालकानं वाईट म्हणून बाजूला काढली की तिची मजुरी बुडाली. हरदासांनी ह्या मजुरांची संघटना बांधली. जातीची लढाई आणि पोटाची लढाई एकाच माणसानं लढायची असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग आलं १९३२ साल. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त, हा वाद पेटला होता. मद्रासचे एम. सी. राजा आणि हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांनी संयुक्त मतदारसंघाचा करार केला. आपल्या वऱ्हाडचे गवई त्याच बाजूला गेले. गवई काही परके नव्हते, त्यांनीही आधी समाजासाठी काम केलेलं होतं. म्हणूनच ही फूट जास्त दुखली. ७ मे १९३२ ला कामठीतच परिषद भरली. अध्यक्ष मद्रासचे मुनिस्वामी पिल्ले, स्वागताला हरदास. परिषदेनं राजा-मुंजे करार फेटाळला आणि बाबासाहेबांच्या मागे उभी राहिली. साहेबाच्या छावणीच्या गावात आपल्या लोकांनी आपला पुढारी आपण निवडला.

आता जयभीम. आपले आजे-पणजे वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचे. कामठीत मुसलमानांची मोठी वस्ती. एक 'सलाम आलेकुम' म्हणतो, दुसरा 'वालेकुम सलाम' म्हणतो, दोघंही ताठ. ते ऐकून हरदासांना वाटलं, आपलाही असा शब्द पाहिजे, असं जुने लोक सांगतात. एकानं 'जयभीम' म्हणायचं, दुसऱ्यानं 'बलभीम'. बलभीम मागे पडला, जयभीम राहिला.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेले. वय पस्तीस. मी गिरणीत कापसाची धूळ छातीत घेतो, त्यामुळे खोकून खोकून मरणं म्हणजे काय ते मला थोडं कळतं.

आज आपले गट मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. हा त्या गटातला, तो ह्या गटातला, म्हणून जयभीमलाही उत्तर न देणारे मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच सांगायचं आहे : हा शब्द ज्यानं दिला, त्यानं आधी पंगत एक केली होती.

जयभीम.