घडीची सागरी कयाक

घडीची सागरी कयाक ही लाकडी किंवा धातूच्या सुट्या सांगाड्यावर जलरोधक आवरण चढवून जोडली जाणारी, वल्ह्याने चालणारी अरुंद नौका आहे. जर्मनीत योहान क्लेपर यांनी १९०७ पासून तिचे उत्पादन केले. ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये अशाच नौकेतून निघाले आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून पुढे जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोहोचले.

रायगडच्या किनाऱ्यासाठी निवड करताना वजन दुय्यम ठरते, कारण घडी केलेली नौका मुंबईहून मांडव्यापर्यंत लाँचने नेता येते. तळाचा टिकाऊपणा मात्र निर्णायक असतो. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. म्हणजेच भरतीला सहज तरंगणारी नौका काही तासांतच धारदार कालवे चिकटलेल्या खडकांवर टेकू शकते. त्यामुळे तळाला रबराच्या जाड पट्ट्या हव्यात. बाजूंना हवेच्या नळ्या असल्यास पाणी शिरूनही नौका तरंगत राहते. पावसाळ्यात तिचा वापर टाळतात. त्या काळात मांडव्याची लाँचसेवाही बंद असते.