सुतळीची यक्षी



न्यूयॉर्कला असलेल्या माझ्या भाचीने २०१९ साली तिथल्या मेट ब्रॉयर संग्रहालयातून काही फोटो पाठवले होते. दोराच्या गाठी मारून केलेल्या, माणसापेक्षा उंच मूर्ती. खाली तिने लिहिलं होतं, "मामी, आजीची सुतळी आठवली." फोटो बघून मी बराच वेळ काही बोललेच नाही. कारण आजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, सुतळी भंगारात घालणारी मीच होते.

त्या मूर्ती मृणालिनी मुखर्जी यांच्या. जन्म मुंबईचा, १९४९ चा. वडील बिनोद बिहारी मुखर्जी नामवंत चित्रकार, दृष्टी गेल्यावरही काम करत राहिलेले. आई लीला शिल्पकार. मृणालिनी बडोद्याला शिकल्या. त्यांचे गुरू के. जी. सुब्रमण्यन यांनी पूर्वी हातमाग मंडळात काम केलेलं असल्यामुळे गावाकडच्या कारागिरीला ते कमी लेखत नसत. तिथेच मृणालिनींच्या हाती हेम्पचा दोर आला. हेम्प म्हणजे आपल्या तागासारखाच, झाडाच्या सालीचा धागा.

आपल्या नगरला धागा नवा नाही. पद्मशाली विणकरांचे माग इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनच्या चर्चिलसाहेबांनी हातमाग सुधारायचे प्रयोग केले, तेही इथेच. पण मागावर ताणा-बाणा आधीच ठरलेला असतो. मृणालिनींनी मागच घेतला नाही. आधी आराखडाही काढत नसत. दोर रंगवायचा, सांगाड्याला बांधायचा आणि गाठीवर गाठ मारत जायचं. आकार हातातून उमलेल तसा. एकेका मूर्तीला कित्येक महिने लागत. बरेच जण याला शोभेचं हस्तकाम समजायचे. शिल्प म्हणजे दगड नाहीतर धातू. त्या मात्र दोराला पंचवीसेक वर्षं धरून राहिल्या, मग मातीकडे आणि ब्राँझकडे वळल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन जानेवारी २०१५ मध्ये उघडलं आणि फेब्रुवारीत त्या गेल्याच.

त्यांच्या १९८४ च्या एका शिल्पाचं नाव 'यक्षी'. आपल्याला यक्षी म्हटलं की पार्श्वनाथांची पद्मावती, नेमिनाथांची अंबिका, ऋषभदेवांची चक्रेश्वरी आठवते. मृणालिनींची यक्षी यांतली कोणी नाही. ती कोणत्याच शास्त्राप्रमाणे घडवलेली नाही आणि पूजेसाठीही नाही. आम्ही स्थानकवासी, मूर्तीपुढे हात न जोडणारे, म्हणून की काय मला ती जास्तच जवळची वाटली. नुसतं बघत राहावं. अजून एक गोष्ट मनात आली. एका रेशमी साडीसाठी हजारो कोष उकळत्या पाण्यात जातात, म्हणून आपल्यातल्या कितीजणी रेशीम नेसत नाहीत. ही एवढी देखणी यक्षी मात्र नुसत्या झाडाच्या सालीची.

आता सासूबाईंचं सांगते. १९७४ साली त्या लग्न होऊन नगरला आल्या. दुकानात कापडाचे गठ्ठे यायचे ते सुतळीने बांधलेले. ती सुतळी त्या सोडवून, ओल्या फडक्याने सरळ करून ठेवायच्या. घरात सगळ्यांचा चौविहार. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची, मग चूल नाही की भांडी नाहीत. सामायिक झाली की झोपेपर्यंतचा वेळ त्यांचा. तेव्हा मॅक्रमची लाट होती, बायका कुंडीची टांगणी, घुबडं वगैरे करायच्या. सासूबाईंनी टांगणी एकच केली. पुढे त्यांचे आकार बदलत गेले. मोराला मान दोनदा वळलेली, हत्ती आतून पोकळ, आणि एक तर काय होतं ते मला कधीच कळलं नाही. फूल म्हणावं तर त्याला पाय होते! सासरे हसून म्हणायचे, "याचा उपयोग काय?" त्या म्हणायच्या, "उपयोगाचं दिवसभर करतेच की."

त्या गेल्यानंतर आम्ही घराला रंग काढला. धूळ बसते, वाळवी लागेल, कोळी होतील आणि मग जीवहिंसा, अशी कारणं मी स्वतःलाच दिली. तीन पोती भरली. भंगारवाल्याने सुतळीचे पैसेसुद्धा दिले नाहीत, वजनात धरत नाही म्हणाला.

फोटो आले त्या रात्री मी नणंदेला फोन केला. श्रीरामपूरला तिच्या माजघरात दारामागे एक तुकडा अजून टांगलेला आहे. तेच ते, पायांचं फूल. मी म्हटलं, पाठवून द्या ना ताई. त्या म्हणाल्या, "पाठवायची नाही मी. आईचं आहे, तुम्ही या, बसा, बघा. न्यायचं की नाही ते मग बोलू."

चातुर्मास संपला की जाणार आहे.