भिंतीवरची चित्रे

रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या कंपाउंडच्या भिंतीला नवा रंग देण्याचे ठरले आहे. त्याआधी थोडे सांगावेसे वाटते.

गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. मीराबहन म्हणजे ब्रिटिश अ‍ॅडमिरलची मुलगी मॅडेलिन स्लेड. त्यांनी बापूकुटीच्या भिंतीवर मातीचाच उठाव देऊन ताडाची झाडे आणि चरखा काढला. रंग नाही, चौकट नाही. मातीची भिंत अधूनमधून सारवावीच लागते. सारवणाऱ्यांनी उठाव जपला, म्हणून तो आजही दिसतो.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत वर्ध्याच्या गल्ल्यांतल्या भिंतीही रंगलेल्या असायच्या. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीची चिन्हे, दंतमंजन! पेंटर शिडीवर, अन् आम्ही खाली बघत उभे. भिंतींच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा कायदा १९९५ साली आला. तो हवाच होता, कबूल. पण पुढे फ्लेक्स आला अन् पेंटरचा ब्रशच सुटला.

आपल्या मागच्या भिंतीवर, सायकल स्टँडपाशी, सोसायटीतल्या मुलांनी काढलेला मोर अन् रेल्वेगाडी आहे. ती मुले आता बापे झाली, महोत्सवाला लेकरं घेऊन येतील. तेवढा दहा फुटांचा तुकडा रंगाऱ्याने सोडावा, अशी कमिटीला विनंती आहे.